कूलंट कमी होते, ते जाते कोठे?

नागपूरच्या अंबाझरी लेआऊटमधील एका वाचकांचे पत्र आले आहे. ते थोडक्यात असे:

“वडिलांनी २०११ च्या डिसेंबरात बीएमडब्ल्यू ५२०डी नवी घेतली. दीड वर्षापूर्वी ते गेले. गाडी ९६,००० किलोमीटर चालली आहे आणि आठवड्यातील पाच दिवस पोर्चमध्ये उभीच असते. गिअर खाली उतरताना धक्का बसतो, खड्ड्यात समोरून खटखट येते, आणि आठवडाभर उभी राहिली की डॅशबोर्डवर चार-पाच दिवे एकदम लागतात. एका मोठ्या वर्कशॉपने सस्पेंशनचे आर्म, गिअरबॉक्सची सर्व्हिस, चार टायर आणि विजेचे दोन कंट्रोल मॉड्यूल मिळून ४ लाख ८५ हजारांचे अंदाजपत्रक दिले. खासगी गॅरेजवाले हेच काम २ लाख ६० हजारांत करतो म्हणतात. एक व्यापारी आहे त्या स्थितीत ४ लाख २५ हजार देतो. सकाळी पहिल्यांदा सुरू केली की दोन सेकंद खरखर होते, पण लगेच थांबते. दर पंधरा दिवसांनी कूलंटची सूचना येते, तेव्हा वॉचमन लिटरभर बोअरचे पाणी टाकतो. बाकी इंजिन उत्तम आहे. २०२३ च्या पुरात पाणी दारापर्यंत आले होते, आत शिरले नव्हते असे वडील सांगत. गाडी अजून त्यांच्याच नावावर आहे. दोन महिन्यांतून एकदा आम्ही समृद्धीवरून शिर्डीला जातो. आई विकू नका म्हणते. गाडी ठेवावी की विकावी?”

प्रिय वाचक बंधू,

ठेवावी की विकावी याचे उत्तर मी देणार आहे, पण त्याआधी एक विनंती करतो. हे उत्तर वाचल्यावर, दोष सापडेपर्यंत, शिर्डीची पुढची फेरी रद्द करा. ज्या तक्रारींसाठी तुम्हाला ४ लाख ८५ हजारांचे अंदाजपत्रक मिळाले, त्यांतील एकीनेही गाडी उद्या बंद पडणार नाही. ज्या दोन गोष्टी तुम्ही “बाकी इंजिन उत्तम आहे” या वाक्याच्या अलीकडे सहज लिहून गेलात, त्या मात्र इंजिनाचा जीव घेणाऱ्या आहेत, आणि त्यांतील एक तुमच्याही जिवाशी संबंधित आहे. अंदाजपत्रकात या दोन्हींचा उल्लेख नाही, याचे मला फार वाईट वाटले.

कूलंटपासून सुरुवात करतो. इंजिन थंड ठेवणारी व्यवस्था ही बंद व्यवस्था असते. निरोगी गाडीत वर्षभरात तिच्या टाकीतील पातळी डोळ्यांना जाणवेल इतकी उतरत नाही. तुमची गाडी आठवड्यातून दोनच दिवस चालते आणि तरी पंधरा दिवसांत लिटरभर पाणी मागते, म्हणजे गळती मोठी आहे. हे पाणी जायला दोनच वाटा आहेत. बाहेरची वाट असेल तर रेडिएटर, होसपाइप, वॉटर पंप किंवा एक्स्पान्शन टाकीची शिवण यांपैकी कोठेतरी पांढरट, वाळलेला ओघळ दिसेल आणि पोर्चच्या फरशीवर डाग पडेल. असा डाग सापडला तर मला आनंदच होईल, कारण तो खर्च सोसता येण्याजोगा असतो. डाग कोठेच नसेल तर कूलंट इंजिनाच्या आतल्या अंगाला जाते आहे, आणि तेथे संशय घ्यावा असे दोन भाग आहेत: एक हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग (हेड) आणि खालचा ठोकळा यांच्यामधली गळती रोखणारी चकती, आणि दुसरा ईजीआर कूलर.

हा ईजीआर कूलर नीट समजून घ्या. डिझेल इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराचा काही भाग थंड करून पुन्हा इंजिनात सोडतात. तो धूर थंड करण्यासाठी या कूलरमधून इंजिनाचेच कूलंट फिरवलेले असते. वर्षानुवर्षे तापून आणि थंडावून कूलरच्या आत बारीक तडा गेला, तर कूलंट थेंबाथेंबाने धुराच्या वाटेत उतरते, तेथील काजळीत मिसळते आणि त्याचा चिकट थर साचत जातो. गाडी बराच वेळ वेगात पळाली आणि पुरेसा न थंडावलेला धूर त्या थरावरून गेला, तर तो थर धुमसून पेट घेऊ शकतो. शेजारची इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनात हवा नेणारी वाट, प्लास्टिकची आहे. २०१८ साली दक्षिण कोरियात बीएमडब्ल्यूच्या डिझेल गाड्यांना एकामागून एक आगी लागल्या, त्यांत ५२०डी ठळकपणे होती, आणि कंपनीने तेथे एक लाखाहून अधिक गाड्या याच कूलरच्या तपासणीसाठी परत बोलावल्या. पाठोपाठ युरोपातही तसेच करावे लागले. तुमच्या गाडीत हाच दोष आहे असे मी पत्रावरून म्हणू शकत नाही. परंतु कूलंटचा माग न लागणे आणि १२० किलोमीटरच्या वेगाने तासन्‌तास चालणे या दोन गोष्टी ज्या गाडीत एकत्र येतात, ती गाडी तपासणीशिवाय समृद्धीवर नेणे योग्य नाही, हे मात्र निश्चित सांगतो. आरसी पुस्तकावरचा चासी क्रमांक अधिकृत केंद्राला कळवला, तर या गाडीसाठी रिकॉल लागू आहे का आणि असल्यास काम झाले आहे का, हे ते पाहून सांगतात. ही चौकशी पहिल्या दिवशीच करा.

तपासणी अवघड नाही. इंजिन पूर्ण थंड असताना टाकीवर हातपंप लावून व्यवस्थेत हवेचा दाब भरायचा आणि गाडी तशीच काही तास ठेवायची. दाब उतरला आणि बाहेर ओल दिसली नाही, तर ईजीआर कूलर सोडवून त्याची वेगळी चाचणी घ्यायची. हेड गॅस्केटची शंका कूलंटमध्ये धुराचा अंश आहे का हे पाहणाऱ्या रासायनिक चाचणीने फिटते. हे न करता कोणी “टाकीचे झाकण बदलून पाहू” म्हणाले, तर त्यांना नम्रपणे नकार द्या.

वॉचमनला आजच थांबवा. बोअरच्या पाण्यातील क्षार रेडिएटरच्या आणि हेडच्या बारीक वाटांत बसतात, आणि त्याहून वाईट म्हणजे दर लिटरमागे आतले मूळ कूलंट पातळ होत जाते. शुद्ध पाणी १०० अंशांना उकळते. कूलंट आणि डिस्टिल्ड पाण्याचे निम्मे-निम्मे मिश्रण, झाकणाने राखलेल्या दाबाखाली, १२० अंशांच्याही वर टिकते. हा फरक युरोपातील थंड हवेत कदाचित जाणवणार नाही. आपल्याकडे नवतपात पारा ४५ अंशांवर असताना, एसी पूर्ण लावून, वर्धा रोडच्या सिग्नलवर तीन-तीन मिनिटे उभे राहावे लागते, तेव्हा रेडिएटरसमोर येणारी हवाच तापलेली असते आणि ती ओढायला पंख्याशिवाय कोणी नसते. त्यात तुमच्या गाडीच्या डायलवर कूलंटच्या तापमानाचा काटा नाही. जुन्या गाड्यांत काटा चढताना दिसत असे आणि माणूस बाजूला थांबत असे. येथे थेट तांबडा इशारा येतो, आणि तो आला की त्याच क्षणी गाडी बंद करण्याखेरीज दुसरा उपाय उरत नाही.

हे मी पोटतिडकीने लिहितो आहे त्याला कारण आहे. माझ्याकडेही एकेकाळी अशीच जुनी, मोठ्या मानाची सेडान होती. तिचा वॉटर पंप पाझरत होता. ज्या मिस्त्रींवर माझा भरवसा होता त्यांनी “पाणी टाकत राहा, उन्हाळा निघून जाईल” असे सांगितले आणि मी ते ऐकले. मे महिन्यात अमरावतीहून परतताना कोंढाळीच्या अलीकडे बॉनेटमधून वाफ निघाली, आणि मी नागपूर जवळ आले आहे या विचाराने आणखी चार किलोमीटर गाडी रेटली. त्या चार किलोमीटरांत हेड वाकले. पंपाच्या किमतीच्या कित्येक पट पैसे हेडच्या कामाला गेले, आणि ती गाडी नंतर पूर्वीसारखी कधी झाली नाही.

आता सकाळच्या खरखरीबद्दल. तुमच्या गाडीतील दोन लिटरच्या इंजिनाला एन४७ म्हणतात आणि त्याची टायमिंग चेन, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची वेळ जुळवणारी साखळी, पुढे नसून मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. चेनला धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्या झिजतात, तुटतात, चेन सैल होते आणि इंजिन थंड असताना, तेल वर चढेपर्यंत, मागच्या बाजूने खरखर ऐकू येते. २००७ ते २०११ या काळातील इंजिनांत हा दोष जगभर गाजला. नंतर सुधारणा झाल्या, आणि तुमची गाडी त्या सीमारेषेवरची आहे. चेन तुटली किंवा दात चुकवून सरकली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन दुरुस्तीच्या पलीकडे जाऊ शकते. म्हणून “लगेच थांबते” यात समाधान मानू नका. या आजाराची पहिली पायरी बहुधा अशीच असते: आधी फक्त थंडीत, फक्त सुरू होताना, पुढे गरम इंजिनातही, दीड-दोन हजार आरपीएमच्या आसपास. अर्थात दुसऱ्याही कारणाने सुरुवातीला आवाज येतो, म्हणून ऐकणारा कान अनुभवी हवा. ऑइल पॅन उघडले आणि तळाशी प्लास्टिकचे तुकडे सापडले, तर मग वाद उरत नाही. चेन बदलायला गिअरबॉक्स किंवा अख्खे इंजिन उतरवावे लागते, आणि या कामात सुट्या भागांपेक्षा मजुरीच अधिक लागते. माझ्या अंदाजाने खासगी गॅरेजमध्येही हे काम दीड ते अडीच लाखांच्या घरात जाते.

चेनचे आयुष्य तेलावर फार अवलंबून असते. गाडीचा संगणक दाखवतो तो तेलबदलाचा लांब पल्ला नव्या गाडीला आणि मोकळ्या रस्त्याला शोभतो. आपल्या उष्म्यात आणि शहरी वापरात १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी येईल त्याला तेल आणि फिल्टर बदलावा, आणि तेल डब्यावर ‘लाँगलाइफ-०४’ हे मानक छापलेलेच घ्यावे. वडिलांच्या कपाटात जुनी बिले असतील तर ती शोधा. तेल किती अंतराने बदलले गेले हे त्यांतून कळेल, आणि चेनविषयीचा माझा निम्मा अंदाज त्या बिलांवरूनच ठरेल.

विजेच्या मॉड्यूलवर एक रुपयाही खर्च करण्यापूर्वी बॅटरी तपासा. आठवडाभर उभ्या राहिलेल्या गाडीत चार-पाच दिवे एकदम लागतात, याचा अर्थ चार-पाच भाग एकदम बिघडले असा सहसा नसतो. या वर्गाच्या गाडीत डझनावारी छोटे संगणक असतात. व्होल्टेज थोडे घसरले की त्यांतील काही वेळेवर जागे होत नाहीत आणि एकमेकांविरुद्ध तक्रारी नोंदवून ठेवतात. स्कॅनर त्या तक्रारी दाखवतो, आणि घाईतला मिस्त्री ज्याचे नाव आले ते मॉड्यूल बदलायला सांगतो. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीचे व्होल्टेज सकाळी मोजा. साडेबाराच्या वर असायला हवे, १२.२ च्या खाली असेल तर दोषी बहुधा तीच. बॅटरी डिकीत आहे आणि ती एजीएम प्रकारची, साध्या बॅटरीपेक्षा बरीच महाग असते. नवी बसवल्यावर गाडीच्या संगणकात तिची नोंद करावी लागते, नाहीतर संगणक तिला जुनीच समजून चुकीच्या हिशेबाने चार्ज करत राहतो आणि नवी बॅटरीही लवकर संपते. एवढे झाल्यावर नोंदलेल्या त्या तक्रारींचे सर्व कोड पुसून पंधरा दिवस गाडी चालवा, आणि जे कोड पुन्हा येतील त्यांचाच विचार करा.

येथे पुराचा मुद्दा येतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलावाचे पाणी ज्या वस्त्यांत शिरले त्यांत तुमचा भाग होता, आणि “दारापर्यंत” म्हणजे नेमके किती हे आज कोणालाच सांगता येणार नाही. या गाडीत वायरिंगचे जाड जुडगे पायाखालच्या गालिच्याखालून जातात. पुढच्या दोन्ही बाजूंचा गालिचा उचलून खालचा फोम दाबून पाहा, डिकीचा तळ उघडून बॅटरीच्या आसपास हिरवट बुरशी किंवा गाळाची रेघ दिसते का ते पाहा. कनेक्टर काळे-हिरवे पडले असतील तर ते स्वच्छ करणे हा हजारांतला खर्च आहे आणि मॉड्यूलचा खर्च लाखांतला. नागपुरात जुनी महागडी गाडी विकत घेऊ पाहणाऱ्या इतर वाचकांनीही, गाडी कितीही चकाचक दिसली तरी, ही तपासणी आवर्जून करावी.

गिअरबॉक्सच्या धक्क्याने घाबरू नका. झेडएफ कंपनीचा आठ गिअरचा हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स अत्यंत भरवशाचा आहे. गाडी बनवणारे त्यातील तेल आयुष्यभराचे असल्याचे सांगत. गिअरबॉक्स बनवणारे मात्र ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला किंवा आठ वर्षांना ते बदला असे सांगतात. तुमच्या गाडीला पंधरा वर्षे होत आली. फिल्टर प्लास्टिकच्या पॅनमध्येच बसवलेला असल्याने अख्खा पॅन बदलतात. तेलाची पातळी ठरावीक तापमानालाच पाहायची असते, म्हणून हे काम स्कॅनर नसलेल्या ठिकाणी देऊ नका. बहुतेक धक्के एवढ्याने जातात. पुढची खटखट ही आर्मच्या रबरी बुशची आहे. गाडी खड्डे चुकवून सावकाश नेता येते आणि हे काम तीन-चार महिने थांबू शकते. ज्यांच्या गाड्यांत हवेच्या फुग्यांवर चालणारे सस्पेंशन आहे त्यांनी मात्र थांबू नये, कारण फुगा गळू लागला की कंप्रेसर सतत चालून जळतो आणि खर्च दुप्पट होतो.

टायरच्या बाबतीत अंदाजपत्रक बरोबर आहे. टायरच्या कडेला चार अंकी शिक्का असतो. ‘३२१८’ म्हणजे २०१८ मधला बत्तिसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी सात-आठ वर्षांचे, उन्हात उभे राहिलेले रबर तापलेल्या काँक्रीटवर वेग सोसत नाही. रनफ्लॅट टायर पंक्चर झाल्यावरही ८० च्या वेगाने सुमारे ८० किलोमीटर चालतात, पण ते महाग असतात आणि आपल्या खड्ड्यांत त्यांच्या कडा फुगतात. साधे टायर घेतलेत तर गाडी मऊ चालेल. मग डिकीत स्टेपनीची सोय करणे आवश्यक आहे.

कागदपत्रांचे काम या सर्वांच्या आधी करा. मालकाच्या निधनानंतर ३० दिवसांत आरटीओला कळवून, तीन महिन्यांत नमुना ३१ भरून वारसाच्या नावावर गाडी करून घ्यायची असते. ती मुदत उलटली आहे. दंड भरून गिरीपेठेच्या कार्यालयात हे लवकर उरका आणि विमाही नव्या नावावर घ्या, कारण दिवंगत व्यक्तीच्या नावावरील गाडीचा अपघात झाला तर विम्याचा दावा अडकू शकतो. १५ वर्षे पूर्ण होताना पुनर्नोंदणी लागते. नोंदणी संपण्यापूर्वीच्या ६० दिवसांत नमुना २५ भरा. १ एप्रिल २०२२ पासून खासगी कारसाठी हे शुल्क ५,००० रुपये आहे, उशीर केल्यास दरमहा ५०० रुपये वाढतात, शिवाय राज्याचा पर्यावरण कर वेगळा. तुमची गाडी चेन्नईच्या कारखान्यात जोडलेली असल्याने आयात गाडीचे जबर शुल्क तुम्हाला लागू नाही. डिझेल गाडी दहा वर्षांनी बाद होते हा नियम दिल्ली आणि तिच्या परिसरापुरता काढलेला आहे, तेव्हा कोणी ती भीती घालून भाव पाडत असेल तर ऐकू नका.

आता तुमचा मूळ प्रश्न. वर्षाला ८,००० किलोमीटर धरले, शहर आणि महामार्ग मिळून लिटरला १२ चे ॲव्हरेज धरले, तर साधारण ६७० लिटर डिझेल म्हणजे साठ हजार रुपये होतात. त्याखेरीज तेल, ब्रेक, विमा, टायरचा वार्षिक वाटा आणि दरवर्षी निघणारे एखादे अनपेक्षित काम यांसाठी मी दीड लाख बाजूला काढायला सांगेन. गाडीची बाजारातली किंमत सव्वाचार लाखांवर आली असली तरी तिचे सुटे भाग अजून नव्या गाडीच्याच तोलाचे आहेत, आणि कुर्ल्याच्या किंवा दिल्लीच्या मायापुरीच्या बाजारातून जुने भाग आणून थोडी बचत झाली तरी ती आरसे, दिवे, सीट यांपुरतीच करावी; वॉटर पंप, ईजीआर कूलर आणि चेन जुन्या बाजारातून कधीही घेऊ नयेत.

चेन शाबूत निघाली आणि कूलंटचा दोष हेडपर्यंत पोचलेला नसला, तर गाडी ठेवा. आधी कूलिंग आणि बॅटरी, मग टायर, मग गिअरबॉक्सचे तेल, आणि शेवटी सस्पेंशन, असा क्रम लावा. खासगी गॅरेजमध्ये ही कामे सहा महिन्यांत विभागून होतील आणि मॉड्यूलचे पैसे बहुधा वाचतील. पण ठेवायची तर ती उभी ठेवू नका. दर रविवारी आईंना घेऊन कोराडीच्या देवळापर्यंत जाऊन या. तेवढ्या अंतरात तेल नीट तापते, बॅटरी भरते आणि रबर जिवंत राहते. चेन गेलेली निघाली तर मात्र माझा सल्ला विकण्याचा आहे, आणि दुरुस्ती न करता, घेणाऱ्याला दोष स्पष्ट सांगून विकण्याचा. भाव सव्वाचारवरून खाली येईल. तरीही गाडीच्या जवळपास अर्ध्या किमतीचे काम करून पंधरा वर्षांच्या इंजिनावर पुन्हा भरवसा टाकण्यापेक्षा ते बरे. आईंना हे सांगणे कठीण आहे याची मला जाणीव आहे. तपासणीचा अहवाल हातात आल्यावर, मिस्त्रींच्या तोंडून नव्हे तर तुम्ही स्वतः, त्यांना सांगा.

तपासणीसाठी गाडी सकाळी नेऊ नका. अंबाझरीहून गॅरेजपर्यंत पोचेतो इंजिन गरम होईल आणि ती दोन सेकंदांची खरखर कोणालाच ऐकू येणार नाही. कूलंटची पातळी पाहून आदल्या संध्याकाळी सावकाश न्या, रात्रभर तेथेच ठेवा, आणि सकाळी तुम्ही स्वतः समोर उभे असताना, बॉनेट उघडून, पहिल्यांदा सुरू करायला सांगा. तोवर कूलंटच्या टाकीला कोणाला हात लावू देऊ नका, आणि रात्रीच्या पातळीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.